दारफाळणीचा सण आणि शेजारधर्म

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घरोघर घट बसतात, अखंड दीप लागतो आणि नऊ दिवसांच्या व्रताला आरंभ होतो. २०२५ साली ही प्रतिपदा २२ सप्टेंबरला आली. योग असा की, त्याच दिवशी सूर्य मावळताच जगभरच्या यहुदी घरांत त्यांच्या ५७८६ या वर्षाचा पहिला दिवा लागला. पुढे दहाव्या दिवशी, २ ऑक्टोबरला, आपली विजयादशमी. आणि त्याच दिवशी यहुदी समाजाचा वर्षातील परमपवित्र उपवास, योम किप्पूर. आपण त्या दिवशी सीमोल्लंघन करतो, आपट्याची पाने घेऊन दारोदार जातो. त्यांच्यापैकी आपल्या कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले बेने इस्राएल लोक त्याच दिवसाला ‘दारफाळणीचा सण’ म्हणत आले. दारे मिटून घेण्याचा तो दिवस! एकाच तिथीला एका घराने बाहेर पडावे आणि शेजारच्या घराने दार लावून आत बसावे, असा हा प्रसंग होता. त्यातून आमच्या हातून जो प्रमाद घडला, तो सांगूनच आजच्या विषयाला आरंभ करणे योग्य होईल.

मुंबईतील नोकरी संपवून एक वृद्ध बेने इस्राएल गृहस्थ सपत्नीक आपल्या मूळ गावी, म्हणजे आमच्या आळीत, राहावयास आले. बोलणे अस्सल कोकणी वळणाचे, आडनाव गावावरून पडलेले आणि शेवटी ‘कर’. घराच्या चौकटीला उजव्या बाजूस एक लहानशी नळी तिरपी बसविलेली. आत-बाहेर करताना ते तिला बोटे लावून ओठांना नेत, एवढाच काय तो वेगळेपणा. महानवमीच्या सकाळी हे गृहस्थ आमच्याकडे आले आणि हात जोडून म्हणाले, “बुवा, वर्षभरात माझ्याकडून काही अधिक-उणे बोलले गेले असेल, तर पोटात घालावे.” आम्ही रात्रीच्या कीर्तनाच्या गडबडीत होतो. “अहो, भलतेच काय!” असे म्हणून त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेले. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सायंकाळी, सोने आणि पेढ्यांचा पुडा घेऊन त्यांच्या दारी गेलो, तर दार बंद. आत माणसे असल्याची चाहूल होती. हाकेला उत्तर नव्हते. सणाच्या दिवशी बंद दारावरून परत फिरताना मन खट्टू झाले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कालची क्षमायाचना वरवरची होती की काय, असाही कुतर्क मनात येऊन गेला.

शुक्रवारी सकाळी ते स्वतःच नारळ आणि केळी घेऊन आले. म्हणाले, “बुवा, काल आपण येऊन गेलात. परवाच्या सूर्यास्तापासून कालच्या रात्री तारे दिसेपर्यंत आमचा निर्जळी उपवास होता. दिवस प्रार्थनेत घालवायचा, व्यवहार बंद. काल दारफाळणी झाली. आज शिळा सण. आज भेटीगाठी आणि दानधर्म करायचा. म्हणून पहिला आपल्याकडे आलो.” आम्ही खजील झालो. निर्जळी उपवास करणाऱ्याच्या दारी पेढे घेऊन गेलो होतो, आणि वर रुसूनही बसलो होतो!

त्यांनी आदल्या दिवशी मागितलेली क्षमा ही शिष्टाचाराची बाब नव्हती, हेही मग उमगले. यहुदी धर्मशास्त्राचा ‘मिश्ना’ हा जो प्राचीन संग्रह आहे, त्यात या उपवासाविषयी एक स्पष्ट दंडक घालून दिला आहे. मनुष्याने ईश्वराचा जो अपराध केला असेल, त्याचे प्रायश्चित्त योम किप्पूरच्या दिवसाने होते. परंतु मनुष्याने मनुष्याचा केलेला अपराध त्या दिवसाने धुतला जात नाही. ज्याला दुखविले, त्याच्या दारी जाऊन त्याचे समाधान करावे लागते. नववर्षापासून या उपवासापर्यंतचे दहा दिवस त्यासाठीच राखलेले असतात. देवापुढे उभे राहण्याआधी शेजाऱ्यापुढे उभे राहावे, हा त्या शास्त्राचा क्रम आहे. आमच्या शेजाऱ्यांनी तो पाळला होता. आम्हाला तो ओळखता आला नाही.

आता हे बेने इस्राएल कोण, याची ओळख नव्या पिढीला करून देणे अगत्याचे आहे. त्यांची परंपरा असे सांगते की, पुरातन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागनजीक नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले; सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. ग्रंथ समुद्रात गेले, भाषा हळूहळू विसरली. नवगावी आजही त्या घटनेचे स्मारक आहे. वाचलेल्यांचे वंशज कुलाबा प्रांतातील गावोगावी पांगले आणि तेलाचे घाणे चालवू लागले. रोहेकर, पेणकर, दिवेकर, अष्टमकर, केहीमकर ही त्यांची आडनावे त्या त्या गावांची साक्ष देतात. आठवड्यातून एक दिवस, शनिवारी, त्यांचा घाणा बंद असे. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव दिले. त्यांच्या धर्माचा सर्वांत मोठा नियम, म्हणजे शब्बाथाचा विश्राम, शेजाऱ्यांनी दिलेल्या नावातच टिकून राहिला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पुढे दावीद रहाबी नावाचा एक विद्वान यहुदी त्यांच्याकडे आला, अशी कथा ते सांगतात. हे लोक खरोखर आपलेच का, याची त्याला खात्री करून घ्यायची होती. त्याने बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेवली आणि रांधायला सांगितले. बायकांनी खवले आणि पर असलेली मासळी तेवढी वेचून घेतली. बाकीची दूर सारली. यहुदी आहारशास्त्राचा नियम नेमका हाच आहे. ग्रंथ हरपला होता. पण तो आजीकडून नातीकडे आलेल्या स्वयंपाकघरात जिवंत होता. आठव्या दिवशीची सुंता, शनिवारचा विश्राम, भक्ष्याभक्ष्याचा विवेक, आणि ‘शेमा’ ही एकेश्वराची घोषणा, एवढ्या चार-दोन गोष्टी घट्ट धरून हा समाज शतकानुशतके आपल्यामध्ये आपल्यासारखा होऊन राहिला आणि तरीही आपल्यात विरून गेला नाही.

त्यांच्या सणांना त्यांनी मराठी नावे दिली, ती ऐकली म्हणजे आपल्याच घरातले बोलणे ऐकतो आहोत असे वाटते. वर्षारंभाचा तो ‘नव्याचा सण’. त्यानंतर ‘खिरीचा सण’. मग ‘दारफाळणी’ आणि तिच्या दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. एस्तेर राणीच्या धैर्याने समाजाचा संहार टळला, त्या आनंदाचा पुरीम हा दिवस फाल्गुनी पौर्णिमेच्या सुमारास येतो, म्हणून तो झाला ‘होळीचा सण’. यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले त्या शोकदिनी घरात वालाचे बिरडे तेवढे होई, म्हणून तो ‘बिरड्याचा सण’. मिसरातील दास्यातून सुटकेचा जो वल्हांडण, त्या आठ दिवसांत आंबवलेले काही चालत नाही. तेव्हा आंबट रसाचे भांडे झाकून ठेवत, आणि त्या झाकण्यावरून त्या सणाचे नाव पडले. शास्त्र त्यांचे, शब्द आपले.

तिथींचा हा मेळ केवळ योगायोग नव्हे. पंचांग जाणणाऱ्या वाचकांना त्याचे कारण सांगितल्यास मौज वाटेल. यहुदी महिनाही आपल्या महाराष्ट्रातील अमान्त महिन्याप्रमाणे अमावास्येनंतर सुरू होतो. पंधराव्या दिवशी पौर्णिमा येते. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी तोकडे पडते, म्हणून त्यांनाही अधिक मास घ्यावा लागतो. १९ वर्षांत ७ अधिक मास, हे त्यांचे प्रमाण. आपलेही प्रमाण जवळजवळ तेच येते. मात्र अधिक मास केव्हा धरावा याचे नियम भिन्न आहेत. त्यामुळे काही वर्षी दोन्ही पंचांगे हातात हात घालून चालतात, तर काही वर्षी महिन्याचे अंतर पडते. २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे आपले घटस्थापनेचे दिवस ऑक्टोबरात येतात, तर यहुदी नववर्ष ११ सप्टेंबरच्या सायंकाळी, गणेशचतुर्थीच्या आधी लागते. दुसरा भेद असा की, आपला दिवस सूर्योदयापासून धरतात, त्यांचा सूर्यास्तापासून. म्हणून त्यांचा प्रत्येक सण दिवेलागणीला सुरू होतो.

त्या शुक्रवारी आमचे शेजारी दुपारनंतर थांबावयास तयार नव्हते, त्याचेही कारण हेच. “आज सायंकाळी दिवा लावायचा आहे,” असे म्हणून ते उठले. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी घरातील गृहिणी शब्बाथाचे दिवे लावते, डोळ्यांवर हात धरते आणि आशीर्वचन म्हणते. त्यानंतर शनिवारच्या रात्री तारे दिसेपर्यंत त्या घरात विस्तव पेटवायचा नाही, लिहायचे नाही, देवघेव करायची नाही. निषिद्ध कामांचे ३९ वर्ग शास्त्रकारांनी मोजून ठेवले आहेत. परंतु या निषेधांमागे एक मोठी अनुज्ञा आहे: चाकराने, गुराढोरांनी, परक्यानेही त्या दिवशी विसावा घ्यावा. रात्री आई-वडील मुलांच्या मस्तकावर हात ठेवून त्यांना आशीर्वाद देतात. मुलग्यांना योसेफाच्या एफ्राइम आणि मनश्शे या पुत्रांसारखे होण्याचा. मुलींना सारा, रिबका, राहेल आणि लेआ या कुलमातांसारखे होण्याचा. नंतर द्राक्षरसाचा प्याला पुढे धरून दिवसाचे पावित्र्य उद्घोषित करतात. बेने इस्राएल घरांत मनुका भिजवून केलेल्या सरबतावर हे काम भागवीत. आठवड्यातून एकदा आईबापांचा हात मुलांच्या मस्तकी पडतो, ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते ज्यांच्या घरी मुले परगावी गेली आहेत त्यांनाच कळेल. शब्बाथ सरताना सुगंधी द्रव्यांचा वास घेऊन, अनेक वातींची मेणबत्ती लावून, त्या पवित्र दिवसाला निरोप देतात आणि पुन्हा कामाच्या आठवड्याला लागतात.

येथे एक प्रश्न उभा राहतो. ज्या समाजाचे मुख्य मंदिर रोमन सैन्याने इ. स. ७० मध्ये जाळून जमीनदोस्त केले, जेथले यज्ञ त्या दिवसापासून थांबले ते थांबलेच, त्या समाजाचा धर्म उरला कसा? उत्तर असे की, मंदिर पडल्यावर त्यांच्या ऋषितुल्य आचार्यांनी ते घरात आणले. जेवणाच्या चौरंगाला वेदीचे स्थान दिले. यज्ञातील प्रत्येक हवनाला मीठ लागे, म्हणून आजही भाकरीचा तुकडा मिठात बुडवून खातात. जेवणाआधी पुरोहित हात धूत असत, म्हणून सामान्य गृहस्थही पेल्याने दोन्ही हातांवर पाणी घेऊन मगच भाकरी मोडतो. चौकटीवर जी नळी आम्ही पाहिली, तिचे नाव ‘मेझुझा’. तिच्या आत चर्मपत्रावर हाताने लिहिलेली शेमाची वचने असतात. घराबाहेर पडणारा आणि घरात शिरणारा प्रत्येक जण त्या वचनाखालून जातो.

आणि या सर्वांवर कळस म्हणजे त्यांची आशीर्वचने. त्यांना ‘बराखा’ म्हणतात. भाकरी खाताना एक, झाडाच्या फळाला दुसरे, जमिनीतून उगवलेल्या भाजीला तिसरे. मेघगर्जना ऐकली तर एक, इंद्रधनुष्य दिसले तर एक, सुगंध घेतला तर एक. हंगामाचे पहिले फळ तोंडात घालताना, नवे वस्त्र नेसताना, ‘या घटकेपर्यंत आम्हाला जगविलेस’ अशा अर्थाचे एक. देहधर्म उरकून आल्यावरसुद्धा, शरीरातील द्वारे जेथे उघडी हवीत तेथे उघडी आणि मिटलेली हवीत तेथे मिटलेली ठेवली याबद्दल कृतज्ञतेचे एक. जेवणानंतरचे मोठे स्तवन ते वेगळेच. मनुष्याने दिवसाला अशी १०० आशीर्वचने म्हणावीत, असे तालमुदातील एका आचार्यांचे मत नमूद आहे. ‘बराखा’ या शब्दाचा अर्थ आशीर्वाद असला तरी ही वचने वस्तूला आशीर्वाद देत नाहीत. त्या वस्तूच्या दात्याला धन्य म्हणतात. या जगातील भोग आशीर्वचनाविना घेणारा मनुष्य जणू देवस्वाचा अपहार करतो, असा त्यांचा सिद्धांत आहे. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात देवांनी दिलेले त्यांना न देता एकट्याने भोगणाऱ्याला चोर म्हटले आहे, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. दोन दूरच्या देशांतील शास्त्रकार ताटापाशी एकाच निर्णयाला यावेत, याचे आम्हाला तरी नवल वाटते. मात्र एक भेद सांगितलाच पाहिजे. त्यांच्याकडे हे वचन पुरोहिताला म्हणावयास देता येत नाही. ज्याचा घास, त्याचे वचन.

घरात ईश्वराला उद्देशून जशी वचने, तशी माणसाला उद्देशून अभिवादने. येथेही काळवेळेचा विवेक मोठा आहे. नेहमीच्या भेटीत ‘शालोम’, म्हणजे शांती. पण त्या शब्दात परिपूर्णता, आरोग्य, सलोखा हे सारेच अर्थ येतात. शुक्रवारी सायंकाळपासून ‘शब्बात शालोम’. शनिवारी रात्री ‘शावुआ तोव’, म्हणजे येणारा आठवडा चांगला जावो. नववर्षाला ‘शाना तोवा’. नववर्ष आणि योम किप्पूर यांच्या दरम्यान मात्र शब्द बदलतो. वर्षारंभी ईश्वर प्रत्येकाचा लेख लिहितो आणि उपवासाच्या दिवशी त्यावर मुद्रा उठवितो, अशी श्रद्धा असल्यामुळे ‘तुझ्या लेखावर शुभ मुद्रा उमटो’ अशा अर्थाने ‘ग्मार हतिमा तोवा’ म्हणतात. आनंदाच्या सणांना ‘हाग सामेआख’. लग्नात, अपत्यजन्माला ‘मझल तोव’. यातील ‘मझल’ शब्दाचा मूळ अर्थ राशी किंवा नक्षत्र, तेव्हा आपल्या ‘शुभ नक्षत्रा’शी त्याचे नाते सहज जुळते.

मंदिरनाशाच्या शोकदिनी मात्र अभिवादनच करीत नाहीत. ज्या घरी मृत्यू झाला असेल, त्या घरी सात दिवस आप्तेष्ट भूमीलगत बसतात. भेटीला जाणाऱ्याने आपण होऊन बोलावयाचे नाही. शोकाकुल मनुष्य बोलेल तेव्हा बोलावे, नाही तर जवळ बसून राहावे, आणि उठताना सांत्वनाचे एक ठरलेले वाक्य म्हणून निघावे. मृत्यूची वार्ता कानी पडताच जे आशीर्वचन उच्चारतात, त्यात ईश्वराला सत्य न्यायाधीश म्हटले आहे. सुखाला जसे वचन, तसे दुःखालाही. आम्ही दसऱ्याला जो प्रमाद केला, त्याचे मूळ येथे आहे. प्रत्येक सण म्हणजे मिठाई आणि प्रत्येक सणाला एकच शुभेच्छा, असा आपला अलीकडचा समज झाला आहे. छापील शब्दांची देवघेव वाढली. कोणाच्या घरी आज दिवा आहे आणि कोणाच्या घरी उपवास, हे विचारण्याची रीत मात्र मागे पडत चालली.

बेने इस्राएल समाजाने आपल्याकडून काय घेतले, हेही सांगितले पाहिजे. त्यांच्या विवाहात मेंदी आणि हिरवा चुडा आला. लग्न, वास्तू, संकटमुक्ती अशा प्रसंगी ते ‘मलिदा’ करतात: भिजविलेले पोहे, खोबरे, साखर, सुका मेवा आणि फळे एका ताटात मांडतात, प्रार्थना म्हणतात, आणि एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचे स्मरण करून प्रसाद वाटतात. हा संदेष्टा अग्निरथातून स्वर्गाला गेला. अलिबागजवळ खंडाळे येथील खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, अशी त्यांची श्रद्धा असून नवस फेडावयास दूरदूरचे लोक तेथे येतात. आम्हा कीर्तनकारांना तर त्यांच्याविषयी विशेष ममत्व वाटावे असे कारण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत या समाजातील जाणत्यांनी मराठी कीर्तनाची पद्धत उचलली आणि आब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे साकी, दिंडी, अभंग अशा आपल्याच छंदांत रचून समाजापुढे गायिली. १८७४ साली पुण्यात त्यांच्या वल्हांडणाची पोथी, हग्गादा, मराठी भाषांतरासह छापली गेली. हरपलेला ग्रंथ त्यांच्या घरी परत आला, तो मराठीचे वस्त्र नेसून!

आता जे सांगावयाचे, ते सांगताना लेखणी जड होते. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. टिपूच्या कैदेतून आपण सुटलो, त्या कृतज्ञतेपोटी त्यांनी ते बांधले, असे सांगतात. त्याचे नाव ‘शाआर हारहमीम’, म्हणजे ‘कृपेचे द्वार’. पुढे अलिबाग, पेण, पनवेल, रेवदंडा अशा ठिकाणी प्रार्थनामंदिरे झाली. १९४८ साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाले आणि हजारो कुटुंबे तिकडे गेली. तेथेही आरंभी त्यांच्या यहुदीपणाविषयी शंका घेतल्या गेल्या. विवाहसंबंधांत आडकाठी आली. त्याविरुद्ध त्यांनी चळवळ केली आणि १९६४ साली त्यांना पूर्ण मान्यता मिळाली. ज्यांनी ग्रंथाविना धर्म राखला, त्यांच्याकडेच पुरावा मागितला जावा, हा दैवदुर्विलास होय. आज भारतात सर्व मिळून यहुदी चार-पाच हजारांच्या आसपास उरले आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, ही समाधानाची गोष्ट. पण दर्जा मिळाला म्हणून माणसे वाढत नाहीत.

आणि त्यांच्या सामुदायिक उपासनेला माणसे लागतात. परंपरेप्रमाणे दहा प्रौढ पुरुष जमल्याखेरीज पूर्ण सामुदायिक प्रार्थना होत नाही. दिवंगत आईबापांसाठी पुत्राने म्हणावयाचे ‘कद्दिश’ हे स्तवनही दहांच्या उपस्थितीवाचून म्हणता येत नाही. कोकणातील लहान गावी आज दहा कोठून आणावयाचे? आमच्या शेजाऱ्यांनी योम किप्पूर घरात दार लावून केला, तो याच कारणाने. “वडिलांचे वर्षश्राद्ध येते, तेव्हा नऊ असले तरी भागत नाही, बुवा,” असे ते म्हणाले, आणि आम्हाला उत्तर सुचले नाही. दहावा होण्याचा अधिकार आम्हाला नाही; तो कोणी देऊही शकत नाही. ज्याचे त्याचे शास्त्र त्याच्यापाशी.

मग आपण काय करावे? शेजारधर्म करावा. दुसऱ्याच्या उपासनेत आपली सरमिसळ करणे म्हणजे शेजारधर्म नव्हे, आणि ‘सारे धर्म एकच’ असे म्हणून त्याच्या वेगळेपणावर पांघरूण घालणे हाही नव्हे. त्याचा दिवस कोणता, त्या दिवशी त्याला काय चालते आणि काय चालत नाही, कोणता शब्द त्याला आपला वाटतो, हे विचारून घेणे आणि ध्यानात ठेवणे, एवढेच शेजाऱ्याच्या हाती असते. जुन्या काळी कोकणातील आपल्या बायाबापड्यांना ते ठाऊक होते. शनिवारी घाणा बंद, म्हणून शुक्रवारीच तेल आणावे, एवढे भान ज्यांनी ठेवले, त्यांनी नकळत एका प्राचीन व्रताचे रक्षण केले. शनिवारी तेल मिळालेच पाहिजे असा आग्रह गावाने धरला असता, तर ते व्रत किती पिढ्या टिकले असते?

आपल्या घरांनाही यातून काही घेता येईल. आपली देवळे भव्य होत आहेत, उत्सव थोर होत आहेत. त्याचा आनंदच आहे. परंतु दिवेलागणीला शुभंकरोती म्हणणारे मूल, पानात वाढल्यावर चित्राहुती घालणारा हात, आणि अतिथी जेवल्याशिवाय न जेवणारी गृहिणी, ही घरातली देवळे ओस पडू लागली तर बाहेरचे कळस किती काळ धर्म सांभाळतील, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या उंबरठ्यावर उभे राहून करावा. ज्यांचे महामंदिर गेले, त्यांनी चौकट, चूल आणि ताट यांच्या बळावर जवळजवळ दोन हजार वर्षे काढली. ज्यांची मंदिरे उभी आहेत, त्यांनी तर ही तिन्ही अधिक निष्ठेने सांभाळावीत.

त्याच वर्षी, ६ ऑक्टोबरला, कोजागरी आली. त्या सायंकाळी यहुद्यांचा सुक्कोत हा मांडवांचा सण सुरू झाला. अरण्यवासाच्या स्मरणार्थ ते अंगणात कच्चा मांडव घालून सात दिवस त्यात जेवतात. वरचे छत इतके विरळ ठेवतात की, रात्री तारे दिसावेत. आमच्या शेजाऱ्यांनी नारळाच्या झावळ्यांचा मांडव घातला होता. या वेळी दुधाचा गडवा उचलण्यापूर्वी आम्ही कुंपणापाशी जाऊन विचारले. ते हसून म्हणाले, “बरे झाले विचारलेत. आज आमचे जेवण सामिष झाले आहे. त्यावर आम्हाला दूध चालत नाही. फळ असेल तर आणा, आणि दोन घटका बसा.” आम्ही पेरू नेले. त्यांनी पेरू हातात घेतला, आशीर्वचन म्हटले आणि मग फोड तोंडात घातली. ते म्हणेपर्यंत आम्हीही हातातली फोड तशीच धरून थांबलो. झावळ्यांतून पौर्णिमेचा चंद्र वर येत होता. निघताना आम्ही ‘हाग सामेआख’ म्हटले. उच्चार कितपत साधला कोण जाणे! त्यांनी कोजागरीच्या शुभेच्छा दिल्या आणि कुंपणापर्यंत पोहोचवावयास आले. त्यांच्या घराचे दार मागे उघडेच होते.